पोपटकाकांची जागा

४ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या अल्टो सॅक्सोफोनचे खालचे सूर दोन आठवडे फुसफुसत होते. मुंबईला दुरुस्तीला पाठवायचा तर दहा दिवस गेले असते, आणि रविवारी कार्यक्रम. तेजस्विनी म्हणाली, बुधवार पेठेत ब्रास बँडवाल्यांचं दुकान आहे, तिथले काका तासाभरात करून देतात. तेजस्विनी आमच्या बँडची बासिस्ट. 'उकाडा' हे बँडचं नावही तिनेच सुचवलेलं. तिची माहिती सहसा चुकत नाही.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीवर लाल कोट टांगलेले, वर ओळीने ट्रंपेट, आणि खाली स्टुलावर पोपटकाका. साठी उलटलेली, बोटं जाड. माझा सॅक्सोफोन त्यांनी उजेडात धरला.

"जपानी?"

"हो."

"चांगलाय. वाजवतं कोण?"

"मीच."

"तसं नाही. रोज कोण वाजवतं?"

मी रोज तीन तास रियाज करतो हे ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. पेठेत स्वतःची बाजू मांडायला लागलं की माणूस जास्तच हरतो.

पॅड बदलून झाल्यावर त्यांनी आपला माउथपीस लावला आणि एकच सूर वाजवला. लावला, थोडा खाली ओढला, तिथे रेंगाळवला आणि परत वर आणून ठेवला. एवढंच. बाहेरून पिशवी घेऊन चाललेला एक माणूस थांबला आणि आत बघायला लागला.

नोकरी सोडून मला अडीच वर्षं झाली. त्याआधीची चार धरली तर साडेसहा वर्षं मी अमेरिकन सोल आणि फंकच्या रेकॉर्डी ऐकत नेमका तो सूर शोधतोय. हा माणूस चव्वेचाळीस वर्षं वरातीत वाजवतो आहे. रेकॉर्ड एक ऐकलेली नाही.

"तुम्ही काय वाजवता?" त्यांनी विचारलं.

"सोल, फंक. जॅझमधलाच प्रकार, ठेका जास्त."

"म्हणजे लोक नाचतात?"

"नाचू शकतात."

"नाचू शकतात म्हणजे? नाचतात का नाही?"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रविवारी शेवटच्या दोन रचनांना पोपटकाकांना बोलवायचं ठरवलं. कल्पना माझी, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे लोक विसरतात. वरातीतला माणूस फंक बँडबरोबर उभा राहिला की व्हिडिओ बरा होतो. तेजस्विनी खूश. आमचा ड्रमर दिग्विजय म्हणाला, "त्यांना नोटेशन वाचता येतं का?" मी म्हणालो, नाही येत. तो म्हणाला, "मलाही नीट नाही येत."

९ नोव्हेंबर, रविवार

कर्वेनगरातल्या कॅफेची गच्ची, दुपारी चार. साठेक माणसं. पहिला तासभर मी चांगला वाजवला. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, रेकॉर्डिंग ऐकून लिहितोय. लोक शांत बसून ऐकत होते, कॉफी पीत होते, माना हलवत होते.

मग 'डांबर'. रचना माझी. पोपटकाका कडेला उभे होते, त्यांना मी आठ आवर्तनं दिली होती. त्यांनी पहिली दोन वाजवलीच नाहीत, नुसती ऐकली. तिसऱ्याला एक सूर धरला आणि तो सोडलाच नाही. खालून बास, मागून ड्रम, आणि हा सूर मधे अडून बसलेला, हलेना. मागच्या टेबलावरची एक मुलगी खुर्ची सरकवून उठली. मग तिच्या मैत्रिणी. मग कॅफेचा स्वयंपाकी दारात येऊन उभा राहिला. आठ आवर्तनांची बावीस झाली. दिग्विजय हसत होता. अडीच वर्षांत तो माझ्या सोलोला एकदाही हसलेला नाही.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी त्यांच्याकडे हात करून दाखवत होतो, हे पोपटकाका, हे पोपटकाका. हात आपोआप गेला. चेहरा कसा दिसत होता कोण जाणे.

उतरताना त्यांनी तोंडाला रुमाल दाबून धरला होता. भारावले असावेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

व्हिडिओ एक लाख चाळीस हजार लोकांनी पाहिला. आमचा याआधीचा विक्रम नऊशे बारा.

खाली लिहिलेलं सगळं वाचलं. "काकांनी आग लावली." "हे काका कुठे भेटतील?" "काका सुरू होतात ३:१० ला, थेट तिथे जा." म्हणजे तीन मिनिटं दहा सेकंद मी जे वाजवतोय ते ओलांडून जा, असं. त्या सूचनेला दोन हजार लोकांनी अंगठा दिलाय.

एकाने माझं नाव घेतलं आहे: "दाढीवाला पण ठीक."

१६ नोव्हेंबर, रविवार

खडकीला आईबाबांकडे जेवायला. बाबा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली. मी नोकरी सोडली तेव्हा ते रागावले नाहीत, पण माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. नागपूरहून इथे येऊन क्वार्टर मिळवणं, मुलाला इंजिनिअर करणं, आणि मुलाने ते सोडून फुंकणी हातात घेणं, या गोष्टी त्यांच्या डोक्यात एका ओळीत बसत नाहीत. मी समजू शकतो.

आज आईने त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावला. माझ्या वाटचं शांतपणे पाहिलं. पोपटकाका सुरू झाले तसे त्यांची मांडी हलायला लागली. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." आईने लावला तर म्हणाले, "सुरुवातीपासून नको, त्या माणसापासून."

तीनदा पाहिला. मग मला म्हणाले, "याच्याकडून शीक काहीतरी."

बाबांना मी चौतीस वर्षं ओळखतो. त्यांची मांडी हलते हे मला माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पोपटकाका आता दर गुरुवारी तालमीला येतात. तेजस्विनीने परस्पर ठरवलं. "कायमचेच घेऊ या ना," म्हणाली. मी म्हणालो, बघू.

आज मधल्या सुट्टीत तिने शेंगदाणे आणले होते. काकांनी हात लावला नाही. बिस्किट चहात पूर्ण भिजवून खाल्लं, तेही एका गालाने. इतका नखरा आधी नव्हता. प्रसिद्धी पचायला वेळ लागतो.

तालमीनंतर मला म्हणाले, "तू मोजत वाजवतोस."

"म्हणजे?"

"चार झाले, आता वळायचं. आठ झाले, आता थांबायचं. ऐकणाऱ्याला कळतं रे. घड्याळ घातलेला माणूस भेटायला आल्यासारखं वाटतं."

तेजस्विनी हसली. मीही हसलो. घरी आल्यावर श्रद्धाला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर बोलले की." श्रद्धा माझी बायको, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. संगीतातलं तिला काही कळत नाही हे ती स्वतःच सांगते, आणि मग असं बोलते.

३० नोव्हेंबर, रविवार

दुसरा कार्यक्रम. गच्ची भरली, लोक जिन्यात उभे. मी पहिला तास वाजवत असताना तिसऱ्या रांगेतला एक जण शेजारच्याला विचारत होता, "ते काका आलेत ना नक्की?" माझ्या अगदी हळुवार जागेत विचारत होता. मला ऐकू आलं.

काकांनी तीनच रचना वाजवल्या. पुन्हा तेच, सगळे नाचले. मी बघत होतो की ते माउथपीस तोंडाच्या मधोमध न धरता डावीकडे सरकवून धरतात. अशी धरायची पद्धत कुठल्याही पुस्तकात नाही. मी घरी येऊन तशी धरून बघितली, कर्कश आवाज आला.

श्रद्धा आली होती. परतताना म्हणाली, "त्यांना काही दुखतंय का रे? वाजवून झालं की जबडा धरून बसतात."

मी म्हणालो, तासभर उभा राहून मीही वाजवला, माझं काही दुखतंय का ते विचार.

तिने विचारलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज जे केलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी अकराला निकिता म्हणून एका बाईंचा फोन. जानेवारीत नदीकाठच्या बागेत दोन दिवसांचा जॅझ महोत्सव आहे, त्याची आखणी त्या करतात. त्या महोत्सवात वाजवायचं म्हणून मी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर नाही. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

"मला पोपटजी हवेत," त्या म्हणाल्या. "अकरा जानेवारी, संध्याकाळी पाच. चाळीस मिनिटं फक्त त्यांची. साथीला तुमचे बास आणि ड्रम चालतील. त्यांचा नंबर कुठे मिळेना. तुम्हीच त्यांचं बघता ना?"

म्हणजे मी त्यांचा मॅनेजर.

मी म्हणालो, लग्नसराईत ते मोकळे नसतात.

"जानेवारीत यंदा मुहूर्तच नाहीत. मी पंचांग पाहूनच फोन केलाय."

"विचारून सांगतो."

फोन ठेवला. काकांचं दुकान इथून दुचाकीवर वीस मिनिटं. मी गेलो नाही. गॅलरीत बसलो. दोनला मी निकिताबाईंना फोन केला आणि म्हणालो, काका नाही म्हणाले. त्यांना असल्या मोठ्या स्टेजवर अवघडल्यासारखं वाटतं. मग मी न थांबता पुढे म्हणालो, पण त्या वेळेत उकाडा वाजवू शकेल, आमच्या संगीतात तोच रांगडेपणा आहे.

त्यांनी विचारलं, चाळीस मिनिटांचं आहे ना तुमच्याकडे? मग म्हणाल्या, ठीक आहे.

पाच मिनिटांचं काम. आता असं वाटतंय की हे कोणीही केलं असतं. आणि खरोखरच त्यांना अवघडल्यासारखं झालंच असतं. शिवाय पुढच्या वर्षी आहेच.

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षीप्रमाणे सकाळी आईबाबांबरोबर खडकीच्या विहारात. पंचशील म्हणताना चौथ्या ओळीला मला खोकला आला. चौथं शील खोटं न बोलण्याचं. खरंच खोकला आला होता, हवा खराब आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

काकांना महोत्सवाबद्दल काही कळू नये म्हणून मी तालमी तेजस्विनीच्या घरी हलवल्या आणि तिला सांगितलं, काका महिनाभर येणार नाहीत, गावी गेलेत. खोटं एकटं राहत नाही, त्याला घरातली माणसं लागतात.

काकांना भेटायला मात्र गेलो. फोनवर बोलत राहिलो असतो तर त्यांना संशय आला असता. दुकान रिकामं, मुहूर्त संपलेले. त्यांची मुलगी ललिता डबा घेऊन आली होती. तिने डबा उघडला तर आत दूधभात. ती म्हणाली, "तुम्हीच का सुदर्शन? बाबा तुमचंच बोलत असतात. म्हणतात, त्या पोराचा श्वास लांब आहे, माझाही एवढा नव्हता."

श्वास लांब आहे. म्हणजे बाकी काही नाही, फुफ्फुसं चांगली आहेत.

काकांनी विचारलं, "पुढचा कार्यक्रम कधी?"

"सध्या काही नाही काका."

"जानेवारीत मी मोकळाच आहे. असलं काही तर जानेवारीतच ठेव. नंतरचं माझं काही खरं नाही."

फेब्रुवारीत लग्नं सुरू होतात, त्यामुळे म्हणाले असतील. पण दोनदा म्हणाले. टाळ्यांची चटक लागली की वय आड येत नाही, हे आज पाहिलं.

२७ डिसेंबर, शनिवार

आठ दिवस एकाच गोष्टीवर मेहनत करतोय: सूर लावायचा, खाली ओढायचा, तिथे थांबायचं, वर आणायचं. व्हिडिओ मंद गतीने लावून त्यांचे ओठ बघतो. काल एकदा जमलं. आज सकाळी सलग सहा वेळा जमलं. सातव्यांदा शेजारच्या फ्लॅटमधून टाळी ऐकू आली.

कोणाच्या मालकीचा सूर नसतो. संगीत असंच पुढे जातं. रेकॉर्ड ऐकून उचललं की अभ्यास, आणि समोरच्या माणसाकडून उचललं की चोरी, असं थोडंच आहे.

११ जानेवारी, रविवार

वाजवलं. दोन हजार माणसं असतील. हिरवळीवर चटया, पलीकडे नदी. पाचचं ऊन तिरपं. 'डांबर'ला मी तो सूर धरला आणि ओढला. लोक उठले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाजवण्यावर लोक उठले. चटया गोळा करून नाचायला लागले.

बाबा आले होते. न सांगता. शेवटच्या रांगेत आईबरोबर उभे होते. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "चांगलं वाजवलंस." मग इकडेतिकडे बघून, "तो माणूस नाही आला?"

निकिताबाई भेटल्या. "छान झालं," म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पोपटजींना कसंही करून तयार करा."

तेजस्विनी शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

१३ जानेवारी, मंगळवार

पेपरात दीड रकाना. "सुदर्शनच्या अल्टोत पुण्याच्या पेठांतल्या वरातींची धग आहे. हा सूर परदेशी रेकॉर्डींतून येत नाही, तो इथल्या रस्त्यावरच सापडतो." कापून ठेवलं आहे. सकाळपासून चार वेळा वाचलं. एकदाही पूर्ण वाचता आलं नाही.

मुंबईतल्या एका क्लबचा फोन. २१ फेब्रुवारी, त्यांचा स्वतःचा बँड आणि पुढे मी एकटा पाहुणा. होकार दिला.

१५ जानेवारी, गुरुवार

तेजस्विनी घरी आली. चहा नको म्हणाली.

"काका गावी कुठे गेले होते?"

मी म्हणालो, मला नक्की माहीत नाही.

"ते पुण्यात जन्मलेत. त्यांना गाव नाही. मी काल दुकानात गेले होते. ते मला विचारत होते, तुम्ही लोकांनी वाजवणं बंद केलं का?"

मी टेबलावरचं पेपरचं कात्रण पुस्तकाखाली सरकवलं.

"निकिताने तुला कधी विचारलं?"

"पाच डिसेंबरला."

"आणि तू त्यांना कधी विचारलंस?"

श्रद्धा आतल्या खोलीत वह्या तपासत होती. पानं उलटायचा आवाज थांबला.

"मी त्यांना सांगून आलेय," तेजस्विनी म्हणाली. "म्हटलं तू सांगशील म्हणून वाट बघावी. पण मग वाटलं, तू आणखी काहीतरी छान सांगशील."

ती गेल्यावर श्रद्धा बाहेर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "तुला इतकं कधीपासून होतंय हे?"

खरं उत्तर होतं, चार नोव्हेंबरपासून. दुकानासमोर तो माणूस पिशवी घेऊन थांबला तेव्हापासून.

२१ जानेवारी, बुधवार

सहा दिवस टाळलं. आज गेलो.

दुकानाला कुलूप. शेजारच्याने घर दाखवलं, मागच्याच बोळात दुसरा मजला. ललिताने दार उघडलं. तिने मला आत घेतलं, पण या म्हणाली नाही.

"बाबांचे दात काढलेत सोमवारी. वरचे पुढचे सहा."

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. अल्टोचा माउथपीस वरच्या पुढच्या दातांवर टेकतो. सगळा सूर तिथे उभा असतो.

"केव्हापासून हलत होते. डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलं, काढून टाका, पू होतोय. बाबा म्हणाले, लग्नं उरकू देत. लग्नं डिसेंबरात उरकली. मग म्हणाले, अजून एक महिना. मी म्हटलं, आता कशासाठी? तर म्हणे त्या पोरांचं जानेवारीत काहीतरी निघेल." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "निघालं होतं म्हणे."

काका खिडकीशी बसले होते. चेहरा आत गेलेला, एकदम दहा वर्षांनी म्हातारा. बोलताना हवा सुटत होती, म्हणून थांबून थांबून बोलत होते.

"त्या बाईंचा फोन आला होता म्हणे."

"हो."

"आणि मी नाही म्हणालो."

"हो."

"कसं म्हणालो?"

"कसं म्हणजे?"

"नीट नाही म्हणालो, का उर्मटपणे?"

"नीट."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणाला वाकडं बोललो नाही."

मी म्हणालो, काका, माझी चूक झाली.

"चूक म्हणजे तारीख विसरणं. ही चूक नव्हे."

ललिता आत भांडी लावत होती, जोरात.

"का केलंस?"

मी खरं सांगितलं. "सगळे तुमच्याकडे बघत होते."

त्यांनी त्यावर विचार केला. "नाचत होते रे ते. नाचणारा माणूस वाजवणाऱ्याकडे बघत नाही." मग म्हणाले, "तू बघत होतास."

कवळी बसल्यावर वाजेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, हिरड्या भरायला चार महिने, मग बघायचं. काहींचं वाजतं, पण आधीच्यासारखं नाही. हे त्यांनी दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मी उठलो तेव्हा म्हणाले, "एकवीस फेब्रुवारीला कसब्यात परण्या आहे. बँडात माझ्या जागी माणूस नाही. यायचं असलं तर ये. नसलं तर तसं सांग. तू सांग, दुसऱ्याकरवी नको."

एकवीस फेब्रुवारी. मी म्हणालो, सांगतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. क्लब म्हणजे मुंबईतले सगळे ऐकणारे एका खोलीत. ही संधी दुसऱ्यांदा येत नाही. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो ती मिरवणूक. पुढे नाचणारे मामा, मागे जनरेटरची गाडी. मी नाही गेलो तर त्यांना कुणीतरी दुसरा मिळेल. मला हेही वाटलं की ही शिक्षा आहे, आणि तारीख त्यांनी मुद्दाम तीच निवडली. मग लक्षात आलं की त्यांना क्लबचं माहीतच नाही.

दुपारी क्लबला कळवलं, येत नाही. मग निकिताबाईंना फोन करून पाच डिसेंबरचं सगळं सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." आणि फोन ठेवला. आवाजावरून कळलं की त्या बागेत मी परत वाजवणार नाही.

काकांना स्वतः जाऊन सांगितलं, येतो. ते म्हणाले, "उद्यापासून ये. सोळा चाली पाठ लागतात. तिथे कागद वाऱ्याने उडतो."

१० फेब्रुवारी, मंगळवार

रोज सकाळी दहा ते बारा, जिन्याखाली. काका वाजवू शकत नाहीत, म्हणून मांडीवर ठेका धरतात आणि तोंडाने चाल म्हणतात. दात नसल्यामुळे सगळे सूर फ फ असे ऐकू येतात. पहिल्या दिवशी मला हसू आलं, दुसऱ्या दिवशी आलं नाही.

ते माझ्याशी गोडीने बोलत नाहीत. चुकलं की हात वर करतात, मी थांबतो. बरोबर आलं की काहीच करत नाहीत. अडीच आठवड्यांत एकदाही बरं म्हणालेले नाहीत. काल बँडचा ढोलवाला वाजवत असताना मात्र "क्या बात है" म्हणाले. ढोलवाला तीस वर्षं त्यांच्याबरोबर आहे. तरी लागलं.

तेजस्विनीने काल निरोप पाठवला: गुरुवारी तालीम आहे, माझ्याच घरी, वेळेवर ये. बाकी काही लिहिलं नव्हतं. मी वेळेच्या आधी जाणार आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

काल परण्या झाला. ओठ सुजलाय, भाकरी तुकडे करून खाल्ली.

दुपारी चारला निघालो. लाल कोट खांद्यात सैल, टोपी घट्ट. अंतर चालत दहा मिनिटांचं, आम्हाला दीड तास लागला. मी आजवर उभं राहूनच वाजवलंय. चालताना खड्डा आला की माउथपीस दातावर आपटतो. समोर नवरदेवाचे मामा उलटे चालत नाचत होते, त्यांना धडक बसू नये म्हणून एक डोळा त्यांच्यावर. मला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. एकच चाल नऊ वेळा वाजवली, कारण मामांना तीच हवी होती. किती आवर्तनं झाली ते मला सांगता येणार नाही.

काका फुटपाथवरून बरोबरीने चालत होते, तोंडावर मफलर. दर चार दुकानांमागे कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. "काय पोपटराव, आज खाली?" पानवाला, कापडवाला, गॅलरीतल्या बायका. मी घाम गाळत वाजवतोय आणि सगळी पेठ त्यांना नमस्कार करतेय. अजूनही मी ते नमस्कार मोजतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर ही वही कशाला.

मारुतीच्या देवळाच्या अलीकडे वाट अरुंद होते. तिथे सगळं अडलं. काकांनी फुटपाथवरून माझ्याकडे पाहिलं आणि तळहात खाली दाबला. धर. मी सूर धरला. ते तळहात तसाच ठेवून उभे राहिले. माझा श्वास संपत आला, डोळ्यांपुढे ठिपके आले, तरी हात उचलेनात. मग एकदम सोडला, आणि मी सूर खाली ओढून वर आणला. कडेला पदर सावरून उभ्या असलेल्या नवरीकडच्या बायका, ज्या तोपर्यंत नुसत्या बघत होत्या, त्या आत शिरल्या. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. एकही माणूस नाही.

शेवटी सगळे देवळात गेले तेव्हा नवऱ्याचे आजोबा पायरीवर बसले होते. ते काकांना म्हणाले, "हा नवीन कोण हो?"

काका मफलर बाजूला करून म्हणाले, "आमचाच आहे. शिकतोय."

चौतीस वर्षांचा आहे मी. पेपरात दीड रकाना आलाय. चार लोकांत शिकतोय म्हणाले.

घरी येऊन श्रद्धाला ते सांगितलं. ती ओठाला लावायला तूप घेऊन समोर बसली होती. तिने विचारलं, "त्याच्या आधी काय म्हणाले?"

"ते सोड," मी म्हणालो. "शिकतोय म्हणाले."